पहिली आठवण आणि ‘म्हणे’

आत्मचरित्रकाराने दीड वर्षाच्या वयातील प्रसंग रंगवून सांगितला की आपली समीक्षा त्याच्या स्मरणशक्तीची वाखाणणी करते. ही वाखाणणी अस्थानी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रौढांना आठवणारा सर्वांत जुना प्रसंग सरासरीने तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातील असतो. त्यापूर्वीच्या विस्मृतीचे कारण फ्रॉइडने १९०५ साली दमनात शोधले. ते मत आता मागे पडले आहे. भाषाभ्यासकाने लक्षात घ्यावा असा प्रयोग न्यूझीलंडमधील सिमकॉक व हेन ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना, खेळणी ‘लहान करणारे’ एक यंत्र त्यांनी दाखविले. सहा महिन्यांनी वा वर्षाने मुलांना त्यातील बरेच काही ओळखता आले, करून दाखविता आले. परंतु प्रसंगाच्या वेळी अवगत नसलेले शब्द, मागाहून शिकूनही, त्यांनी वर्णनात वापरले नाहीत. स्मृती होती, तिला नव्या भाषेत उतरता आले नाही.

भाषा हे ह्या विस्मृतीचे एकमेव कारण नव्हे. उंदरांच्या पिलांतही ती आढळते. तथापि आठवण सांगावयाची तर शब्द हवेत, आणि ते दुसऱ्याचेही असू शकतात. पियाजे ह्यांना बाबागाडीतून आपल्याला पळविण्याचा झालेला प्रयत्न स्पष्ट ‘आठवत’ होता. ते सुमारे पंधरा वर्षांचे असता दाईने कबुली दिली, की तो प्रसंग तिनेच रचला होता.

मराठीत ऐकीव गोष्टीस ‘म्हणे’ लागते: ‘मी म्हणे फार रडत असे.’ घरोघरी पुनःपुन्हा सांगितल्या जाणाऱ्या कथेतून हे ‘म्हणे’ गळून पडले, की श्रुती हीच स्मृती होऊन बसते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’च्या आरंभी १८५७ मधील आजोबांच्या फाशीची हकीकत येते. लेखिकेचा जन्म १८६८ चा. तेव्हा हा भाग श्रुतीचाच, हे उघड आहे. त्यामुळे त्याचे मोल उणावत नाही. ते घराच्या स्मृतीचे मोल ठरते. अडचण येते ती लेखकाच्या जन्मानंतरच्या दोन-तीन वर्षांविषयी, कारण तेथे सन-साल साहाय्यास येत नाही. अशा स्थळी ‘हे खरे काय?’ ह्या प्रश्नाआधी ‘हे शब्द कोणाचे?’ असा प्रश्न समीक्षकाने विचारावयास हवा.