आत्मलेखन, निबंध आणि मराठी विद्यार्थी

मनातील व्यथा कागदावर उतरविली असता भार हलका होतो, ही समजूत जुनीच आहे. तिला प्रयोगाचे अधिष्ठान मिळाले ते १९८६ साली. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर व सँड्रा बील ह्यांनी ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास लावले. आघाताची हकिकत आणि तत्संबंधीची भावना ही दोन्ही ज्यांनी लिहिली, ते लिहून होताच अधिक खिन्न झाले. परंतु पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी त्यांना कमी वेळा चढावी लागली. २००६ साली जोॲन फ्रॅटरोली ह्यांनी १४६ अभ्यासांचा एकत्रित विचार केला, तेव्हा हा गुण खरा, परंतु अल्प असल्याचे आढळले.

ह्या पद्धतीचा मराठी शाळेत पुरस्कार करणाऱ्यांनी एक प्रश्न वगळलेला दिसतो : विद्यार्थ्याने लिहावयाचे ते कोणत्या भाषेत?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील किसननगरसारख्या वस्तीतील मुलाची घरची बोली एक आणि पाठ्यपुस्तकाची भाषा दुसरी. त्यातून शाळेने त्याला 'आत्मवृत्त' शिकविले ते फाटक्या पुस्तकाचे, मोडक्या छत्रीचे. जगातील प्रत्येक निर्जीव वस्तूचे दुःख तो प्रथमपुरुषी सांगू शकतो. स्वतःचे तेवढे राहून जाते. अशा विद्यार्थ्यापुढे कोरा कागद ठेवल्यास त्यावर निबंधच उतरेल, मन उतरणार नाही.

दुसरी अडचण व्याकरणाची आहे. लेखनाने ज्यांना लाभ होतो, त्यांच्या लेखनात दिवसागणिक कार्यकारणवाचक शब्द वाढत जातात, असे पेनेबेकर व सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखविले. शब्दगणनेची ही मोजपट्टी घडली ती इंग्रजीसाठी. मराठीत क्रियापदच पुरुष सांगत असल्याने 'मी' पुष्कळदा गळतो. राग मराठी माणूस 'करतो' तसा तो त्याला 'येतो'ही. भीती त्याला 'वाटते'. 'चूक केली' आणि 'चूक झाली' ह्यांतील अंतर केवळ शैलीचे नाही. जबाबदारी कोणाकडे जाते, हे त्यात ठरते. म्हणून 'मी' मोजण्यापेक्षा 'झाली'पासून 'केली'कडे, किंवा 'माझी चूक'पासून 'माझ्यावर अन्याय'कडे होणारा प्रवास पाहणे मराठीत अधिक अर्थपूर्ण ठरेल.

हा दुसरा प्रवास किती दूर जाऊ शकतो, ह्याचे उदाहरण मराठीतच आहे. फुले दांपत्याच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ता हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाला. दुःख व्यक्त करून ती थांबली नाही; तिने त्याचे कारण विचारले, आणि ते कारण तिच्या मनात नव्हते, समाजात होते. ज्या व्यथेचे मूळ बाहेर आहे तिच्यावर केवळ वहीचा उतारा सुचविणे म्हणजे अन्यायाला आजार ठरविणे होय.

शिवाय एकखणी घरात वही लपवावयास जागा नसते. म्हणून असे लेखन शिक्षकाने तपासू नये, त्यास गुण देऊ नयेत, ते फाडून टाकण्याचीही विद्यार्थ्यास मुभा असावी. मात्र जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार कोणी बोलून दाखविल्यास लेखनावर विसंबणे घातक होय; तेथे माणूसच हवा. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून उभे आहे, २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही आहे. वही ही त्या दारापर्यंतची वाट होऊ शकते. तिला दार समजणे चूक ठरेल.