तऱ्हाळ्याचे हत्ती

धामणगाव रेल्वेहून निघून कारंजा ओलांडले की पुढे मंगरूळपीर तालुका लागतो. तिथल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहनांची दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. धातू पोटिन, म्हणजे तांबे, शिसे आणि कथील यांचे मिश्रण. रंग काळपट, आकार बोटाच्या पेराएवढा. पण त्यातले एखादे नाणे आपण उजेडाकडे जरासे तिरपे धरले, की आधी पाठीची भरदार कमान उमटते, मग गंडस्थळाचा गोल उंचवटा, आणि मग ती उंच उचललेली सोंड, जिच्या एका वळणात त्या अज्ञात कोरक्याने हत्तीचा सगळा गर्व आणि सगळा आनंद साठवला आहे! मागच्या बाजूला अधिकाच्या खुणेने जोडलेली चार वर्तुळे, सातवाहनांचे आवडते उज्जयिनी चिन्ह.

नाण्यांवर विजयही कोरले जातात. रोमचा सम्राट व्हेस्पेशियन याने ज्यूडिया जिंकल्याचे स्मरण इसवी सन ७१च्या सुमारास आपल्या मोठ्या पितळी नाण्यांवर कोरून घेतले: मध्ये खजुरीचे झाड आणि त्याखाली शोकमग्न बसलेली स्त्री. चित्र देखणे खरेच, पण जिंकलेल्यांचे दुःख त्यात कायमचे गोठले आहे. आपल्याकडचे विजयस्मारक मला अधिक रसपूर्ण वाटते. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला तीन कमानींचा डोंगर आणि उज्जयिनी चिन्ह ठोकले, आणि तरीही त्या ठशाखालून क्षत्रपाचा चेहरा कुठे कुठे डोकावतोच. जेता आणि जित एकाच चकतीवर नांदतात.

तऱ्हाळ्याच्या हत्तीवर असा कुठला प्रसंग नाही. त्याच्या माथ्यावरून वळत जाते ते राजाचे नाव. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे ब्राह्मी अक्षरे काठावर कापली गेली आहेत: एका नाण्यावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर शेवट. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी हे तुकडे जुळवत वाचन केले, तेव्हा गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या ओळखीच्या नावांच्या पंगतीला पुराणांच्या राजावळीत न आढळणारे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णीही येऊन बसले. पोथ्यांनी गाळलेले तीन राजे वऱ्हाडच्या काळ्या मातीने हत्तीवर बसवून परत पाठवले.