शिवाशिव : अनुभव कोणाचा, सिद्धान्त कोणाचा?

इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आपण ललित म्हणून वाचतो. १९६२ मध्ये त्याचे इंग्रजी रूप ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये आले. म्हणजे एकच मजकूर ललित आणि संशोधन अशा दोन घरी नांदला. दिंडीतल्या ब्राह्मण आणि मराठा स्त्रिया अभंग एकत्र म्हणतात, जेवायला मात्र वेगळ्या बसतात, हे इरावतीबाईंनी पाहिले आणि त्याची खंत नोंदवली. लेखाचे बळ त्या निरीक्षणात आहे, मर्यादा खंतीत. खंत आली की प्रश्न थांबतो. गाण्यातले ‘एकत्र’ आणि पंगतीतले ‘एकत्र’ एकच का, हे विचारायला तत्त्वज्ञान लागते.

पण तत्त्वज्ञान कोणी करायचे? गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त झोंबणारी विभागणी मांडली : आपल्या समाजशास्त्रांत काही सिद्धान्ताचे ब्राह्मण, उरलेले माहितीचे शूद्र. सुंदर सरुक्काई यांच्याशी झालेला त्यांचा वाद २०१२ मध्ये ‘द क्रॅक्ड मिरर’ या पुस्तकात एकत्र आला. सरुक्काई स्पर्शाचा विचार करत जातात आणि म्हणतात, अस्पृश्यतेचे खरे ठिकाण न शिवणाऱ्यात आहे. दलितावर ती लादलेली आहे.

पहिल्या वाचनात हे मला शाब्दिक चातुर्य वाटले. मग आमच्या हिमायतनगराकडची बोली आठवली. “शिवू नको, मी सोवळ्यात आहे,” असे म्हणणारी बाई स्वतःच अस्पर्श असते! स्वयंपाक, पूजा आटोपली की सोवळे सोडते. तिलाच ‘कावळा शिवला’ की ती बाहेर बसते, चौथ्या दिवशी न्हाऊन घरात येते. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या विटाळाला मात्र चौथा दिवस नव्हता. सोडणे त्याच्या हाती नव्हते आणि न्हाऊन तो फिटतही नव्हता. शिवाशिवीचा विचार स्पर्शाइतकाच काळाचाही करावा लागतो, हे मला बायकांच्या बोलण्याने दाखवले. आणि ते ऐकण्याचा कान सरुक्काईंच्या पुस्तकाने दिला.

राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, पण तिची व्याख्या दिली नाही. ती व्याख्या अजून लोकांच्या तोंडी विखुरलेली आहे. आमच्या टापूत मराठीखेरीज तेलुगू, उर्दू, गोरमाटी आणि किनवटाकडे गोंडीही बोलतात. ‘विटाळ’ आणि ‘सोवळे’ यांसाठी त्या घरांत कोणते शब्द आहेत आणि ते किती दिवसांचे, हे विचारत फिरायला हवे. विचारणारा त्या घरातलाच असला तर अधिक बरे.