अनुकृतीतून निसर्गाकडे : जॉन कॉन्स्टेबलच्या ग्रामीण निसर्गचित्रणाचा एक विचार

प्रस्तावना : श्रेष्ठ चित्रकाराच्या कृतीची नक्कल करणे हा चित्रकला शिक्षणातील जुना मार्ग होय. नकलेमुळे विद्यार्थ्याची स्वतंत्र दृष्टी खुंटते, असा आक्षेप त्यावर सातत्याने घेतला जातो. इंग्लंडमधील सफोक परगण्याचे ग्रामीण दृश्य रंगविणाऱ्या जॉन कॉन्स्टेबल (१७७६-१८३७) याच्या उदाहरणावरून हा आक्षेप तपासून पाहता येतो.

विवेचन : ईस्ट बर्गहोल्ट येथील गिरणीमालकाच्या या मुलाची सर जॉर्ज ब्यूमाँट या संग्राहकाशी १७९५ मध्ये ओळख झाली. क्लोद लोरें याचे 'हागार आणि देवदूत' (१६४६) हे छोटे, उभ्या चौकटीचे चित्र ब्यूमाँट यांना इतके प्रिय होते, की ते प्रवासातही सोबत नेत. कॉन्स्टेबलच्या मनावर त्याचा ठसा कायमचा उमटला. लंडनमधील विद्यार्थिदशेत त्याने रॉइसडाल या डच चित्रकाराच्या चित्राचीही नक्कल केली. मात्र मे १८०२ मध्ये त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात, आपण चित्रांच्या मागे धावून सत्य परक्या हातून घेत होतो, अशा आशयाची कबुली दिली आणि निसर्गाकडे परतण्याचा निश्चय व्यक्त केला.

नकलेच्या विरोधकांना हे पत्र आपल्या बाजूचे वाटेल. परंतु त्याच वर्षी रंगविलेले 'डेडहॅम व्हेल' हे चित्र वेगळीच साक्ष देते. झाडे, पाने व ओलसर प्रकाश सफोकचे आहेत. उभी चौकट, कडेचे वृक्ष आणि दरीतून दूरवर जाणारी नजर मात्र क्लोदची आहे. पाहिलेले कोठे मांडावे हे गुरूने शिकविले. काय पाहावे हे गावाने शिकविले.

येथे आणखी एक बाब लक्षणीय ठरते. १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेड येथे आकाश व ढगांचे अभ्यास केल्यानंतर, 'द हे वेन' (१८२१) सारखी प्रौढ कृती हातून झाल्यावरही, कॉन्स्टेबलने १८२३ मध्ये कोलऑर्टन येथे ब्यूमाँट यांच्या घरी राहून क्लोदच्या चित्रांच्या नकला केल्या. १८३२ मध्ये त्याने पुन्हा रॉइसडालची नक्कल केली. म्हणजे नक्कल ही त्याच्यासाठी ओलांडून जाण्याची पायरी नव्हती. तो आयुष्यभर चाललेला संवाद होता.

या संवादाचे फलित १८२८ च्या 'डेडहॅम व्हेल'मध्ये दिसते. क्लोदच्या चित्रात परागंदा झालेली माता हागार आहे. कॉन्स्टेबलच्या अग्रभागी बाळ घेतलेली भटकी स्त्री आहे. बायबलमधील निर्वासित माता येथे सफोकच्या रानातील बेघर माता झाली, असे या रचनेचे वाचन करता येते.

निष्कर्ष : केवळ नकलेतून साचा हाती येतो, केवळ निसर्गातून तपशिलांचा ढीग साचतो. कॉन्स्टेबलने दोहोंत आलटूनपालटून ये-जा केली. चित्रकलेच्या अध्यापनात नकलेला स्थान असावे की नसावे, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. नक्कल करून झाल्यावर विद्यार्थी आपल्या शिवारात जाऊन बसतो की नाही, यावर तिचे मोल ठरते.