वगाआधीची सुपारी

तमाशावरचे आपले समीक्षालेखन बहुधा गणापासून सुरू होते. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम सांगायचा आणि वग आक्रसल्याचा दोष सिनेमाच्या गाण्यांवर, नाहीतर बिघडलेल्या अभिरुचीवर टाकायचा. मीही तसेच लिहीत आलो. नारायणगावच्या राहुट्यांत दोन दिवस बसल्यावर मात्र ते लेखन मला अर्धवट वाटू लागले.

जुन्नर तालुक्यातल्या या गावात गुढीपाडव्याच्या सुमारास ढोलकीफडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले एका राहुटीतून दुसरीत फिरतात, घासाघीस करतात, इसार देतात. हीच सुपारी. (या शब्दाला पुढे खुनाचा अर्थ चिकटला, त्याला तमाशावाले काय करणार!) भाव आधी तिथीवर ठरतो. चैत्री पौर्णिमेला किंवा कालाष्टमीला कितीतरी गावांच्या यात्रा एकदम येतात आणि फड तर एका रात्री एकाच गावात उभा राहणार. त्या दिवशी सुपारी चढते. एरवी तोच फड, तोच वग स्वस्तात मिळतो. इसाराचा पैसाही मालकाच्या हाती फार टिकत नाही. हंगामाआधी कलावंतांना उचल द्यायला त्याने कर्ज काढलेले असते.

कमिटीवाल्यांचे प्रश्न मी टिपून ठेवले. मुली किती? लाइट कसा? नवी गाणी कोणती? दुसऱ्या दिवशीची हजेरी धरून किती? फडाचा खेळ इथेच, या प्रश्नांनी कापला जातो. प्रेक्षक अजून बसलेलाही नसतो. त्यामुळे त्याच्या अभिरुचीवर आपण जे खापर फोडतो, ते निदान अर्धे तरी चुकीच्या डोक्यावर फुटते.

‘नटरंग’वर आपण भरभरून लिहिले, कारण कलावंताच्या आत काय मोडते ते तिथे दिसते. राहुटीत मोडते ते मात्र हिशेबाच्या वहीत असते आणि वही वाचायची आपल्याला सवय नाही. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने सरकार जीवनगौरव देते, तो एका कलावंताला. सुपारीवर ढोलकीवाला, सोंगाड्या, आचारी, ड्रायव्हर सगळेच जगतात.

त्यात वेळेची कात्री. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, सवलतीचे दिवस सोडले तर, रात्री दहानंतर कर्णे बंद झाले. छबिना निघून, जेवणे उरकून माणसे मैदानात येईपर्यंत नऊ वाजतात. रात्रभर चालणारा वग उरलेल्या तासात कुठे बसवायचा?

‘वग कोणता?’ हे दोन दिवसांत एकाच म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले. सोबतची पोरे हसली. मालक सावरून बसला.

“बाबा, वग पुरा करतो. पण माणसं सातला बसवाल का?”

बाबांनी पोरांकडे पाहिले. पोरे पुढच्या राहुटीचा फलक वाचत होती.