पारितोषिक माणसाला की तबकडीला?

अमेरिकेतील ग्रॅमी पारितोषिकांत ‘रिमिक्सर’साठी स्वतंत्र वर्ग १९९८ साली निघाला. दुसऱ्याच्या गाण्याला नाचाचा ताल लावणाऱ्याला पारितोषिक कशाला, असा प्रश्न आपल्याकडेही नाक मुरडून विचारला जातो. ‘कांटा लगा’चे २००२ सालचे नवे रूप ज्यांनी मुकाट्याने सोसले, त्यांचा राग मी समजू शकतो. पण एका शिंप्याने कापड बिघडवले म्हणून शिवणकामच वाईट ठरत नाही.

रिमिक्सरच्या हाती गायकाचा आवाज वाद्यांपासून सुटा होऊन येतो. तो आवाज ठेवून बाकीचा संसार तो नव्याने मांडतो. चार मिनिटांचे गाणे आठ-दहा मिनिटांचे होते. आरंभी व शेवटी बहुधा नुसता ताल, कारण नाचघरात एक तबकडी दुसरीत न अडखळता मिसळायची असते. ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ या इंग्रज जोडीचे ‘मिसिंग’ १९९४ साली आले, तेव्हा त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टॉड टेरीने त्याच्याखाली ठेका घातला. ट्रेसी थॉर्नचा उदास स्वर त्याने जराही आनंदी केला नाही. पाय नाचतात आणि मन झुरते, असा काही विलक्षण मेळ जमला! अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत ते गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढले. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणारी आजी कापड विणीत नाही, म्हणून तिच्या हाताला कसब नाही असे कोण म्हणेल?

तेव्हा पारितोषिक असावे, याविषयी मला शंका नाही. वाद आहे तो नामांकन कशाचे, याचा. पहिली चार वर्षे ते माणसाचे होते. पहिला मान फ्रँकी नकल्सला मिळाला. २००२ पासून ते एकेका ध्वनिमुद्रणाचे झाले. त्या वर्षी डायडोच्या ‘थँक यू’वरील कामासाठी ‘डीप डिश’ या जोडीची निवड झाली. परीक्षकाने पुढ्यातले एकच गाणे ऐकावे, नावलौकिकाला भुलू नये, हा या बदलामागचा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो.

मला तो पटत नाही. रात्री दोन वाजता घामाघूम गर्दीसाठी रचलेली गोष्ट खुर्चीत बसून एकटीच ऐकली, की जी अधिक चतुर ती अधिक चांगली वाटते. शिवाय मूळ गायिका प्रसिद्ध असली, तर मत तिच्या गाण्याला पडले की रिमिक्सरच्या कामाला, हे कोण सांगणार? गाणे बरे मिळो, वाईट मिळो, त्यातून वर्षभर काय निघते यात खरी परीक्षा आहे. नकल्सने १९७७ पासून शिकागोच्या ‘वेअरहाउस’ नाचघरात रात्रीमागून रात्री घालवल्या; ‘हाउस’ संगीताचे नाव त्या जागेवरूनच पडले, असे बहुतेक मानतात. त्याचा हात दहा तबकड्यांतून ओळखू येतो, एकीतून कसा येणार?

आणि हा प्रश्न नुसत्या मानाचा नाही. रिमिक्सरला बहुधा एकदाच ठरीव बिदागी मिळते. गाण्याचा हक्क, गाण्याचे नाव, दोन्ही दुसऱ्यांकडे राहतात. शिकागोने २००४ साली एका रस्त्याला नकल्सचे नाव दिले, पण असे भाग्य किती जणांचे? तबकडीचा वर्ग खुशाल असू द्या. पण त्याच समारंभात ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याला वर्षभराच्या कामासाठी आजही वेगळे पारितोषिक दिले जाते. मग रिमिक्सरचाच वर्ग मोडण्याचे कारण काय?