बसून वाजवण्याचा हक्क

'अभिजात' या शब्दाचा कोशातला पहिला अर्थ 'उत्तम कुळात जन्मलेला' असा आहे. आज कलाकृतीला लावला जाणारा हा शब्द मुळात माणसाच्या जन्माला लावलेला आहे. 'क्लासिकल' या शब्दाची कथाही फारशी वेगळी नाही. प्राचीन रोममध्ये मालमत्तेनुसार नागरिकांचे वर्ग पाडलेले होते. त्यांतील सर्वांत वरच्या वर्गातला तो 'क्लासिकस'. म्हणजे दोन्हीकडे कलेची प्रत सांगणारा शब्द माणसाच्या पायरीवरून उचललेला आहे. म्हणून कोणी 'अभिजात संगीत' म्हटले की मी आधी सावध होतो आणि मग ऐकू लागतो.

गेल्या हिवाळ्यात मुंबईत अशाच एका मैफलीला जाण्याचा योग आला. मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मला नाही. पण साहित्य वाचताना जी दृष्टी वापरतो ती घेऊन मी तेथे बसलो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांच्या मेळाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. त्या संध्याकाळी या चौघांबरोबर एक पाहुणा पियानोवादक होता. मुख्य रचना होती झेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक याने १८८७ साली रचलेले पंचक.

आरंभी पियानो हलके स्वर धरतो आणि त्यावर चेलो एकटाच गाऊ लागतो. पहिल्या भागात पियानोवादकाने चौघांवर मात केली. स्वर चढले की त्याचा पियानो गर्जे आणि व्हायोला ऐकूच येईना. पाहुण्याने घराचा ताबा घ्यावा तसे ते वाटले. दुसऱ्या भागात मात्र चित्र पालटले. या भागाला 'दुम्का' म्हणतात. तो युक्रेनच्या लोकगीतांवरून आलेला शोकगीताचा प्रकार. येथे पियानोवादकाने हात आवरला, दोन सुरांमध्ये जागा ठेवली, आणि त्या जागेत व्हायोला बोलू लागला. मला त्या मैफलीतला खरा मोठेपणा येथे दिसला. ज्याच्याकडे सर्वांत मोठे वाद्य आहे तो थांबायला शिकतो, तेव्हाच पाचांचे मिळून एक होते.

या मेळाला कोणी संचालक नसतो. चौघे एकमेकांच्या डोळ्यांकडे आणि श्वासाकडे पाहून सुरुवात करतात. जर्मन कवी गटे याने १८२९ साली एका पत्रात अशा वादनाला चार समंजस माणसांच्या संभाषणाची उपमा दिली होती. समतेचे इतके देखणे रूप पाहून भारावून जाणे सोपे आहे. परंतु समीक्षकाने विचारले पाहिजे की हे संभाषण रचणारे कोण होते, आणि ते कोठे उभे होते?

ज्या योझेफ हायडनने क्वार्टेटला घडवले, तो रथाची चाके बनवणाऱ्याचा मुलगा. १७६१ साली तो एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत लागला. त्याच्या करारात लिहिले होते की त्याने नोकराची वर्दी घालावी आणि रोज सकाळ-दुपार बाहेरच्या दालनात येऊन मालकाला आज संगीत हवे की नको याची आज्ञा घ्यावी. १७८१ साली व्हिएन्नात मोझार्टला त्याच्या धर्माधिकारी मालकाच्या चाकरांबरोबर जेवायला बसवीत. खासगी नोकरांच्या खाली, स्वयंपाक्यांच्या वर, अशी त्याची पंगतीतली जागा होती. त्याच वर्षी त्याने ती चाकरी सोडली. समानांचे हे संभाषण ज्यांनी घडवले, त्यांना त्या घरात समानाची जागा नव्हती. द्वोर्झाकही खाटिकाचा आणि खानावळवाल्याचा मुलगा. तो तरुणपणी प्राग येथील नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात व्हायोला वाजवीत असे. व्हायोला म्हणजे मधल्या रांगेतले, कोणाच्या लक्षात न येणारे वाद्य. त्याला दुम्कामध्ये गाण्याचा मान मिळतो, तो मला योगायोग वाटत नाही.

पण इथेच फरक आहे. हायडनची वर्दी काढून ठेवता येत होती. खाटिकाच्या मुलाचे नाव पुढे खाटिक म्हणून राहिले नाही. या वाद्यांच्या तारा शतकानुशतके मेंढीच्या आतड्यापासून केल्या जात. आज पोलाद आणि कृत्रिम धागा आला असला तरी आतड्याची तात अजून वापरात आहे. त्या आतड्याने कोणाची मैफल विटाळली नाही. आमच्याकडे मात्र बकऱ्याचे कातडे ज्या हाताने हलगीवर ताणले, तो हात पिढ्यान्‌पिढ्या विटाळलेला ठरला. कातडे तेच, नाद तोच. ज्याच्या दारात तो नाद शुभ मानला गेला, त्याच दारात वाजवणारा अशुभ मानला गेला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे गाव साखरा. आज हिंगोली जिल्ह्यात, १९९९ पूर्वी परभणीत. आमच्या मातंग वस्तीत चार जणांचा ताफा होता. आजा सनई वाजवी, चुलत आजा सूर धरी, बाप हलगी आणि शेजारचा एक कैताळ. त्यांनाही संचालक नव्हता. आजाने सनई ओठाला लावताना खांदा किंचित उचलला की हलगी त्या श्वासावर पडे. पोळ्याला, लग्नाला, देवाच्या पालखीला हा ताफा पुढे असे. पुढे म्हणजे मिरवणुकीच्या पुढे. मांडव आला की बाहेर. एका गावी लग्नात साऱ्या पंगती उठेपर्यंत त्यांना उन्हात उभे ठेवले आणि ओंजळीत वरून पाणी ओतले. त्या दिवसानंतर बापाने हलगी खुंटीला अडकवली ती कायमची, आणि तो ऊसतोडीला गेला. तेव्हा मी दुसरीत होतो.

मुंबईहून परतल्यावर द्वोर्झाकच्या त्याच रचनेचे चित्रण मी बापाला मोबाइलवर दाखवले. त्याने ते शेवटपर्यंत पाहिले. दुम्काच्या वेळी त्याची बोटे गुडघ्यावर हलत होती. संगीत कसे वाटले हे मी विचारण्याआधी त्यानेच विचारले, "हे समदे बसूनच वाजवायलेत का रे?" मी हो म्हणालो. मग म्हणाला, "अन् ऐकणारे कोनी उठंनात."

सौंदर्यशास्त्राच्या जाड ग्रंथांतून मला जे मिळाले नव्हते ते या दोन वाक्यांत मिळाले. अभिजातता म्हणून आपण जिचा आदर करतो, तिचा मोठा भाग बैठकीत असतो. वाजवणारा बसलेला आहे, ऐकणारा गप्प आहे, मध्ये कोणी जेवत नाही, आणि रचना संपेपर्यंत तिला कोणी अडवत नाही. एवढे मिळाले की नादातले बारकावे दिसू लागतात. उभ्याने, चालत, लोकांच्या गोंगाटावर मात करीत वाजवावे लागले की तेच बारकावे 'लोककलेचा रांगडेपणा' या नावाखाली गाडले जातात. आजाच्या सनईतले बारकावे कोणी ऐकलेच नाहीत. कारण ते ऐकायला थांबणे कोणाला आवश्यक वाटले नाही.

हे संगीत महाराष्ट्रात कसे आले हेही पाहिले पाहिजे. १९३४ साली वॉल्टर काउफमान हा ज्यू संगीतकार नाझींच्या वाढत्या छायेतून मुंबईत आला. त्याच वर्षी त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल होई. काउफमान पियानोवर बसे, मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत. पुढे मेहतांनी १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट उभे केले. आकाशवाणीची ओळखधूनही काउफमानचीच मानली जाते. जन्मावरून ज्याला युरोप नाकारत होता त्याला मुंबईने पियानो दिला, ही या शहराची मोठी गोष्ट आहे. त्याच मुंबईत १९३६ साली बाबासाहेबांना 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे भाषण स्वतः छापावे लागले, कारण लाहोरच्या मंडळाने ते होऊ दिले नाही. जिमखान्यातले श्रोते आणि दादरची ती सभा-संमेलने एकाच शहरात होती. दोन्ही ठिकाणी जन्माने माणसाचे मोल ठरवण्याचा प्रश्न हजर होता. तरी ही दोन जगे एकमेकांना भेटल्याचे मला कोठे आढळत नाही.

या संगीताचा दुसरा रस्ता गोव्याहून येतो. तेथील चर्चच्या शाळांतून खेड्यातल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. चर्चमध्येही जात शिरली होतीच. पण अक्षराबरोबर स्वरलिपी मिळाली हे खरे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. ते मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले आणि त्यांनी प्यारेलालना व्हायोलिन शिकवले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधील अँथनीला त्यांचेच नाव मिळाले. म्हणजे आमच्या वस्तीतल्या रेडिओवर ही व्हायोलिने कधीच पोहोचली होती. आम्ही ती ऐकत होतो. ती धरायची कशी हे शिकवणारे कोणी आमच्याकडे आले नव्हते.

आपल्या चळवळीत यावर दोन उत्तरे ऐकू येतात. एक म्हणते, हे परक्यांचे आणि पोटभरल्यांचे संगीत. आपल्याला त्याचे काय? दुसरे म्हणते, आपली हलगीच श्रेष्ठ. ती अभिमानाने वाजवा. पहिले उत्तर मला पटत नाही. बाबासाहेबांनी उत्तरायुष्यात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्यांच्या अंगावर देशाचे एवढे काम होते त्यांनी त्या तारांसाठी वेळ काढला. त्यातून मी माझ्यापुरता एवढाच अर्थ घेतो की जगातले कोणतेही सुंदर आपल्याला परके नाही. दुसऱ्या उत्तराला मी बापाच्या खुंटीवरची हलगी दाखवतो. जिथे वाजवणे ही वेठ होती तिथे न वाजवणे हा विद्रोह होता. तो विद्रोह समजून न घेता 'कला जपा' म्हणणारे लोक जुनीच चाकरी नव्या शब्दांत सांगत असतात. आम्ही काय वाजवावे हे सांगण्याआधी आम्ही कुठे बसावे हे त्यांनी सांगावे.

माझा पुतण्या बारावीत आहे. खुंटीवरची ती हलगी त्याने उतरवली, शेकली, आणि तो बापाकडूनच शिकू लागला. बापाने नाही म्हटले नाही. मागच्या महिन्यात कोणा पुढाऱ्याच्या स्वागताला हलगी हवी म्हणून माणसे वस्तीत आली. पैसे चांगले सांगितले. पुतण्याने पैशांचे काही विचारले नाही. तो म्हणाला, "आम्ही चौघं हावो. खुर्च्या किती ठेवणार?"

माणसे हसली आणि निघून गेली. बाप ओट्यावर बसून हे ऐकत होता. संध्याकाळी त्याने हलगी मागून घेतली आणि बसल्या जागी, पुतण्याला एक तुकडा वाजवून दाखवला. आम्ही कोणी उठलो नाही.